रात्रीचे पेग आणि सकाळची धडधड: दारू, घबराट आणि हँगओव्हरबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशकात गंगापूर रोडच्या बाजूला आमचं मेडिकल आहे. शनिवारी इथून वायनरीकडे गाड्यांची रांग जाते आणि रविवारी सकाळी मिसळीच्या रांगा लागतात, या दोन्हीच्या मधल्या वेळात काउंटरवर जी मंडळी येतात त्यातले बरेचजण आधी मागे कुणी ओळखीचं उभं नाही ना ते बघतात आणि मग हळूच म्हणतात, "भाऊ काहीतरी द्या ना, कसंतरीच होतंय." डोकं दुखतंय, मळमळतंय हे लोक बिनधास्त सांगतात पण जीव घाबरतोय हे सांगायला लाजतात, आणि खरा त्रास बहुतेक वेळा तोच असतो. म्हणून तेच ते प्रश्न इथे एकत्र लिहिलेत. मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही, त्यामुळे तपासून घ्यायची गोष्ट असेल तिथे तसं सांगितलंय.

दारू घेतली की टेन्शन उतरतं हे तर खरंय, मग दुसऱ्या दिवशी तेच टेन्शन दुप्पट होऊन कसं येतं?

उतरतं, खोटं कशाला बोला. मेंदूत गाबा नावाचं एक रसायन आहे, त्याचं काम सगळं शांत करायचं, आणि ग्लुटामेट नावाचं दुसरं आहे, त्याचं काम जागं ठेवायचं. दारू गाबाचा जोर वाढवते आणि ग्लुटामेटला दाबते, म्हणून दुसऱ्या पेगनंतर ऑफिसातला नकोसा माणूससुद्धा बरा वाटायला लागतो. पण मेंदू काही गप्प बसत नाही. रस्सीखेचीत एका बाजूला अचानक चार माणसं जास्तीची येऊन लागली की दुसरी बाजू पाय रोवून जीव खाऊन ओढते ना, तसा मेंदू उलट्या बाजूने जोर लावायला घेतो. पहाटेपर्यंत लिव्हरने दारू साफ केलेली असते, म्हणजे ती चार माणसं दोर सोडून घरी गेली, आणि दुसरी बाजू अजून पूर्ण ताकदीने ओढतेच आहे. मग धडधड, घाम, हाताला बारीक कंप, कुकरची शिट्टी झाली तरी दचकायला होणं, आणि कारण काहीच नसताना आता काहीतरी वाईट होणारे असं वाटत राहणं. त्यात कॉर्टिसॉल आणि अ‍ॅड्रेनलिन ही ताणाची हार्मोन्स पण वर गेलेली असतात.

म्हणून मी ओळखीच्यांना सांगतो की रविवारी सकाळी नोकरी, लग्न, होम लोन यातल्या कशावरही निर्णय घेऊ नका, त्या तासाला सगळंच बुडालेलं दिसतं.

झोप तर पडल्या पडल्या लागते, मग पहाटे टक्क जाग का येते?

लवकर लागते, पण ती झोप चांगली नसते. रात्रीच्या पहिल्या भागात दारू स्वप्नांची झोप, म्हणजे आरईएम, दाबून टाकते आणि दुसऱ्या भागात दारू उतरायला लागली की झोप तुकड्यातुकड्यांत होते. हिशोब करा. नऊला बसलात, साडेअकरापर्यंत क्वार्टर संपवली. क्वार्टरमध्ये साधारण ६० ग्रॅम अल्कोहोल असतं आणि लिव्हर तासाला अंदाजे ७ ते १० ग्रॅम साफ करतं, म्हणजे पहाटे चार ते सहाच्या आसपास रक्तातली दारू संपत येते. हँगओव्हरचा जोर पण नेमका तेव्हाच, दारू शून्याजवळ पोचली की, सगळ्यात जास्त असतो. तुम्ही अंधारात पंख्याकडे बघत पडलेले असता, तोंड कोरडं पडलेलं, बाथरूमला जाऊन आलेले, आणि मग डोक्यात सुरू होतं ते सगळं. घोरणाऱ्यांचा त्रास अजून वाढतो कारण दारूने घशाचे स्नायू सैल पडतात आणि श्वास मधेमधे अडकतो.

लिव्हरचा हा स्पीड कुठल्याही गोळीने, काढ्याने, थंड पाण्याच्या आंघोळीने वाढत नाही. बसायच्या आधी लिव्हरचं टॉनिक पिऊन जाणारे बरेच आहेत, त्यांचं समाधान होत असेल तर होऊ दे बापडं.

मी तर दोनच बिअर घेतल्या होत्या, तरी एवढा त्रास?

दोनच कुठल्या ते सांगा ना. ६५० मिलीची स्ट्राँग बिअर, ८ टक्के वाली, एका बाटलीत जवळपास ४० ग्रॅम अल्कोहोल. साठचा एक लार्ज पेग व्हिस्की म्हणजे २० ग्रॅम. म्हणजे दोन स्ट्राँग बाटल्या म्हणजे चार लार्ज झाले, आणि घरी सांगताना मात्र "बिअरच तर होती". ५ टक्क्यांची माइल्ड असेल तर बाटलीत २५ ग्रॅमच्या आसपास. बाटलीवर टक्के छापलेले असतात, एकदा चष्मा लावून वाचा.

घरी ओतलेला पेग तर कधीच साठचा नसतो, माप आणा दहा-वीस रुपयांचं, मग कळेल आपला "स्मॉल" केवढा असतो ते.

वाइन तर हलकी असते, द्राक्षांचीच ना, त्याने काय होतंय?

नाशिककरांचं हे आवडतं वाक्य. २०२२ साली सुपरमार्केटात वाइन विकायच्या निर्णयावरून वाइन म्हणजे दारू का नाही यावर राज्यभर भांडणं झाली, पण तुमच्या मेंदूने काही ती बातमी वाचलेली नाही. १३ टक्के वाइनचा १५० मिलीचा एक ग्लास म्हणजे १५ ग्रॅम अल्कोहोल, आणि अख्खी ७५० मिलीची बाटली एकट्याने संपवली तर ७५ ग्रॅमच्या वर जाते, म्हणजे क्वार्टरपेक्षा जास्त. इथे लोक कसे पितात ते बघा, सकाळी अकराला नाश्ता नीट न करता निघायचं, टेस्टिंगला पाच प्रकारचे घोट, मग बाहेर उन्हात बसून एक बाटली, मार्च-एप्रिलचं नाशिकचं ऊन, पाणी कोणी मागवत नाही. संध्याकाळी सहापर्यंत हँगओव्हर सुरू, आणि अजून रविवार पण उजाडलेला नसतो.

रेड वाइन, व्हिस्की, रम, ब्रँडी यांत आंबवताना, मुरवताना तयार होणारे काँजनर्स नावाचे पदार्थ जास्त असतात, व्होडका-जिनमध्ये कमी, त्यामुळे त्याच प्रमाणात घेतली तरी गडद रंगाच्या दारूचा हँगओव्हर जरा जड जातो. पण व्होडका घेतली म्हणजे घबराट होणार नाही असं अजिबात नाही, घबराटीचं मूळ अल्कोहोलमध्येच आहे आणि ते सगळ्यात सारखंच.

रात्री कुणाला काय बोललो ते आठवतच नाही, त्याचीच जास्त भीती वाटते.

भराभर प्यायल्यावर मेंदूचा आठवण नोंदवणारा भाग, हिप्पोकॅम्पस, नवीन काही साठवूनच घेत नाही. माणूस बोलत असतो, हसत असतो, बिलावरून वेटरशी हुज्जत पण घालतो, पण रेकॉर्डिंग बंद. म्हणून कितीही ताण दिला तरी ते आठवणार नाही, कारण ते आत गेलेलंच नाही. मग सकाळी उठल्या उठल्या फोन, कॉल लॉग, व्हॉट्सअ‍ॅपवर आपण काय पाठवलं, ग्रुपवर "धिस मेसेज वॉज डिलीटेड" दिसलं की पोटात गोळा. आठवणीतली रिकामी जागा घाबरलेला मेंदू सगळ्यात वाईट गोष्टीने भरतो.

एकच करा, जो मित्र त्या रात्री सगळ्यात कमी प्यायला होता त्याला दुपारनंतर सरळ विचारा. बहुतेक वेळा उत्तर येतं, "काही नाही रे, तेच जुनं रडगाणं गायलास." खरंच काही झालं असेल तर माफी मागा, पण सकाळी सात वाजता सतरा जणांना सॉरीचे मेसेज टाकू नका. आणि हे असं विसरणं वरचेवर होत असेल तर ते विनोदाने घ्यायचं प्रकरण नाही.

मी मुळातच लाजाळू आहे, चार लोकांत बोलता यावं म्हणून घेतो. मलाच जास्त त्रास होतो असं का वाटतं?

वाटतं नाही, असतोच. ब्रिटनमध्ये याच्यावर अभ्यास झालाय, त्यात लाजाळू लोकांना दारू पिताना घबराट थोडी कमी वाटली पण दुसऱ्या दिवशी ती बाकीच्यांपेक्षा बरीच जास्त वाढलेली दिसली. ज्याला बोलायचा धीर यावा म्हणून पेग लागतो त्याच्या वाट्याला दुसऱ्या दिवशीचं टेन्शन सगळ्यात जास्त येतं, मग ते घालवायला पुढच्या पार्टीत एक पेग जास्त, हे चक्र वाढत जातं आणि दोन-तीन वर्षांनी माणूस म्हणतो की माझा स्वभावच घाबरट आहे. लोकांत बोलायची भीती ही दारूशिवाय बरी होणारी गोष्ट आहे, काउन्सेलिंगने होते, लागलीच तर डॉक्टर औषध पण देतात.

छातीत धडधडतंय, हार्ट अटॅक तर नाही ना?

बहुतेकदा नसतो, पण "दारूमुळे असेल" म्हणून प्रत्येक वेळी झोपून राहणं पण बरोबर नाही. एका बैठकीत खूप प्यायल्यावर हृदयाचे ठोके खरोखर बिघडू शकतात, एरवी ठणठणीत असलेल्या माणसाचेही. १९७८ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी याला हॉलिडे हार्ट असं नाव दिलं, कारण सुट्ट्या, वीकेंड झाले की असे पेशंट यायचे. मनगटावर तीन बोटं ठेवून नाडी बघा. जोरात पण एका तालात चालली असेल आणि शांत बसून पाणी पिऊन तासाभरात कमी होत असेल तर घबराट असण्याची शक्यता जास्त. ताल चुकतोय, मधे ठोका गायब होतोय, छातीवर दगड ठेवल्यासारखा दाब आहे, दुखणं हातात किंवा जबड्यात उतरतंय, दम लागतोय, डोळ्यापुढे अंधारी येतेय, तर गूगल बंद करा आणि १०८ लावा. अशा वेळी स्वतः बाईक चालवत हॉस्पिटलला जायचं नाही, आणि आधी मेडिकलवर तर अजिबात यायचं नाही.

अल्प्राझोलामची अर्धी गोळी घेतली तर? मित्राने सांगितलंय.

नाही. माझ्याकडे सगळ्यात जास्त वाद याच्यावरून होतात. घबराट दाबणारी ही गोळी शेड्यूल एच-वन, म्हणजे कडक नोंदीच्या औषधांच्या यादीत आहे, प्रिस्क्रिप्शनशिवाय देता येत नाही आणि दिली की डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, किती गोळ्या हे रजिस्टरला लिहावं लागतं, म्हणजे "एकच द्या ना भाऊ, कोणाला कळतंय" याला काही अर्थ नाही. पण कायद्याचं सोडा. ही गोळी पण गाबावरच काम करते, दारू पण गाबावरच, दोन्ही एकत्र आल्या की श्वास मंदावतो आणि झोपेतच माणूस जाऊ शकतो. रात्रीची दारू सकाळीही अंगात शिल्लक असू शकते. आणि समजा काही झालं नाही, बरंच वाटलं, तर तो अजून मोठा घोटाळा, कारण मग दारूसोबत गोळीची पण सवय लागते.

धडधड कमी करायची प्रोप्रॅनोलॉल पण अशीच मागतात. दमा असलेल्याला ती अंगाशी येऊ शकते आणि खरोखर हृदयाचा प्रॉब्लेम असेल तर तो झाकला जातो. डॉक्टरने लिहून दिल्याशिवाय नको.

मग डोकं दुखतंय त्याला कुठली गोळी चालेल?

पोट बरं असेल, किडनीचा किंवा अल्सरचा इतिहास नसेल, तर काहीतरी खाऊन आयबुप्रोफेनची एक गोळी लोक घेतात, पण दारूने आधीच पोटाचं अस्तर सोललेलं असतं त्यात ही अजून आग करते. पॅरासिटामॉल पोटाला सौम्य, पण लिव्हरला दोन कामं एकदम पडतात, म्हणून रोज पिणाऱ्याने ती डॉक्टरला विचारूनच घ्यावी, आणि कोणीही झोपायच्या आधी टल्ली अवस्थेत "सकाळी डोकं दुखू नये म्हणून" दोन गोळ्या टाकून झोपू नये. खरं सांगायचं तर बरीच डोकेदुखी पाणी, खाणं आणि चार तास झोप यानेच जाते. आणि कुठलीच डोकेदुखीची गोळी घबराट घालवत नाही.

ओआरएस घेतलं तर हँगओव्हर जातो ना?

थोडा. दारू शरीरातल्या व्हासोप्रेसिन नावाच्या हार्मोनला दाबते, त्यामुळे किडनी पाणी धरून ठेवत नाही, जेवढं पितो त्यापेक्षा जास्त लघवी होते. त्याने येणारी तहान, चक्कर, थोडी डोकेदुखी ओआरएसने बरी होते. मेंदूतली रस्सीखेच मात्र पाण्याने थांबत नाही, तिला वेळच लागतो.

आणि एक, पाकिटावर लिहिलंय तेवढ्या पाण्यात मिसळायचं असतं हो, मोठं पाकीट असेल तर अख्ख्या एक लिटरमध्ये. अर्धे लोक माझ्यासमोरच काउंटरवर एका ग्लासात पूर्ण पाकीट टाकून ढवळतात आणि तोंड वाकडं करून पितात, त्याने उलट मळमळ वाढते. फळांच्या चवीचं टेट्रापॅकमधलं गोड पाणी आणि पाकिटावर डब्ल्यूएचओ फॉर्म्युला लिहिलेलं ओआरएस यात फरक आहे, तो पण बघून घ्या. नाहीतर सरळ लिंबू-मीठ-साखरेचं पाणी, नारळपाणी, पातळ ताक.

झणझणीत मिसळ खाल्ली की उतरते असं सगळे म्हणतात.

नाशिकमध्ये राहून मिसळीविरुद्ध बोलायची हिंमत नाही माझी, पण रिकाम्या, चिडलेल्या पोटात तर्री गेली की अ‍ॅसिडिटी छातीपर्यंत चढते, आणि ती छातीतली जळजळ घाबरलेल्या माणसाला हार्टचं दुखणं वाटते. त्यावर कडक चहा दोन कप, म्हणजे कॅफिनने धडधडीत अजून भर. मग तोच माणूस अकरा वाजता माझ्याकडे घाम पुसत उभा. मऊ भात, मुगाची खिचडी, केळं, दही-पोहे असं काहीतरी साधं खा, मिसळ दुपारनंतर खा किंवा पुढच्या रविवारी, ती कुठे पळून जात नाही.

खाणं महत्त्वाचं का, तर दारू असेपर्यंत लिव्हर नवीन साखर बनवायचं काम बाजूला ठेवतं. रात्री फक्त चकण्यावर काढली असेल तर सकाळी साखर खाली आलेली असू शकते, आणि साखर कमी झाल्यावर काय होतं? थरथर, घाम, धडधड, भीती. हुबेहूब घबराटीसारखंच.

मला शुगर आहे, इन्सुलिन चालू आहे.

मग वरचा मुद्दा तुमच्यासाठी जीवावरचा आहे. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या चालू असताना न जेवता दारू घेतली तर साखर रात्री झोपेतच खूप खाली जाऊ शकते, आणि घरच्यांना वाटतं पिऊन पडलाय, झोपू दे. घाबरल्यासारखं झालं की आधी ग्लुकोमीटर, मग बाकी सगळं. घरच्यांना पण हे सांगून ठेवा. आणि दारूचं डॉक्टरपासून लपवू नका.

एनर्जी ड्रिंकमध्ये मिसळून घेतली की चढत नाही म्हणतात.

चढते तेवढीच, कळत नाही एवढंच. कॅफिनमुळे जागं वाटतं म्हणून जास्त पितात आणि दुसऱ्या दिवशी दारूची धडधड अधिक कॅफिनची धडधड. सिगारेटचं पण तेच, एरवी न ओढणारा बैठकीत पाकीट संपवतो आणि सकाळी म्हणतो छाती जड झालीये.

अँक्झायटीची रोजची गोळी चालू आहे. पार्टीच्या दिवशी ती चुकवली तर चालेल ना, म्हणजे दोन्ही एकत्र नको म्हणून?

हे फार लोक करतात आणि हेतू चांगला असतो, पण हिशोब उलटा बसतो. एस्सिटालोप्रामसारखी गोळी एक दिवस चुकवली म्हणून अंगातून निघून जात नाही, त्यामुळे दारूशी गाठ पडायची ती पडतेच, आणि वारंवार चुकवली तर चक्कर, चिडचिड, डोक्यात करंट लागल्यासारखं होणं आणि परत घबराट हे सुरू होतं, वर हँगओव्हर आहेच. मग पेशंट म्हणतो गोळीचा उपयोगच होत नाही. जी गोळी महिनाभर घेऊन मेंदूला सावरायचं, तिच्यावर दर शनिवारी पाणी ओतलं तर ती तरी काय करणार. डॉक्टरला स्पष्ट विचारा की मी महिन्यातून एवढी घेतो, काय करू, ते ऐकून त्यांना झटका वगैरे येत नाही.

सकाळी थोडीशी घेतली की लगेच बरं वाटतं. उतारा म्हणतात ना त्याला.

बरं वाटतं कारण सुटलेला दोर तुम्ही परत ओढायला माणसं लावली. दुपारी ती माणसं परत जाणार आहेत. कधीतरी पिणाऱ्याला उताऱ्याने हँगओव्हर फक्त पुढे ढकलता येतो. पण ज्याला सकाळी हात थरथरतात आणि एक घोट घेतल्याशिवाय दाढी करता येत नाही, त्याचा हा हँगओव्हर नाहीच, त्याला विथड्रॉअल म्हणतात आणि त्याचा मार्ग वेगळा. पुढचा प्रश्न वाचा.

मी रोज पितो. गटारीला शेवटची घ्यायची आणि श्रावण लागला की बंद, असं ठरवलंय. बरोबर ना?

ठरवलंत ते फार चांगलं, पण रीत धोक्याची आहे आणि याबद्दल कुणी बोलत नाही. कधीतरी पिणाऱ्याने श्रावण पाळला तर काहीच होत नाही, झाला तर फायदाच. पण जो माणूस वर्षानुवर्षं रोज क्वार्टर-खंबा करतो, गटारीला तर अजून जास्त, आणि दुसऱ्या दिवसापासून एकदम शून्य, त्याच्या मेंदूची दुसरी बाजू इतक्या वर्षांच्या ताकदीने ओढत असते की ६ ते ८ तासांत थरथर, घाम, घबराट सुरू होते, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या-चौथ्या दिवशी काहींना भलतंच दिसायला लागतं, भिंतीवर किडे, दारात कोणीतरी उभं, वेळकाळाचं भान जातं, ताप चढतो. याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात आणि यात माणसं दगावतात. घरच्यांना वाटतं बाहेरचं काही लागलं, देवाचं काही राहिलं, आणि हॉस्पिटलच्या ऐवजी भलतीकडे नेतात. माळ घातल्यावर, उपवास सुरू केल्यावर पण हाच प्रकार.

तर रोज पिणाऱ्याने बंद जरूर करावी पण श्रावणाच्या आधी आठवडाभर डॉक्टरला भेटून. ते काही दिवसांचं औषध देतात, थायमिन म्हणजे बी-वन देतात, गरज पडली तर दाखल करून घेतात. मग खुशाल तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी करा.

आमचे हे शनिवारी मित्रांबरोबर बसतात आणि रविवारभर मुलांवर ओरडतात, मग रात्री रडवेले होतात. मी काय बोलू?

ताई, रविवारी काहीच बोलू नका, त्या दिवशी त्यांच्या डोक्याला प्रत्येक वाक्य हल्ला वाटतो. जेवायला द्या, पाणी ठेवा, मुलांना घेऊन सोमेश्वरला किंवा आजोळी चक्कर मारून या. बुधवार-गुरुवारी, माणूस ताळ्यावर असताना, दारूवरून सुरुवात न करता रविवारवरून करा, म्हणजे "तुम्हाला रविवारी जो त्रास होतो तो मला बघवत नाही" असं. बऱ्याच पुरुषांना ही घबराट दारूची आहे हेच माहीत नसतं, त्यांना वाटतं कामाचं टेन्शन आहे आणि त्यावरचा उपाय शनिवारी आहे. पण हात उगारत असतील तर हे समजावणं वगैरे बाजूला ठेवा, आधी तुमची आणि मुलांची सोय, ११२ किंवा महिलांसाठीची १८१ हेल्पलाइन.

घबराट दारूमुळेच आहे का मला खरंच अँक्झायटीचा आजार आहे, कसं ओळखायचं?

दारू बंद करून बघितल्याशिवाय ओळखता येत नाही, मानसोपचारतज्ज्ञ पण साधारण तेच करतात. एकदाच्या पार्टीची घबराट बहुतेक एका दिवसात जाते, कधी दुसऱ्या दिवसापर्यंत रेंगाळते. बरेच महिने जास्त प्यायलेल्या माणसाला निवळायला दोन ते चार आठवडे लागतात. म्हणून कधीमधी पिणाऱ्याने सलग एक महिना पूर्ण थांबून बघावं, कॅलेंडरवर रोज झोप कशी लागली आणि घबराट किती होती एवढं खुणेने लिहावं. महिन्यानंतरही तशीच असेल तर ती वेगळी आहे आणि तिच्यावर चांगले उपचार आहेत. रोज पिणाऱ्यांनी हा प्रयोग घरी करू नये, कारण वर सांगितलंय.

थोडी प्यायचीच असेल तर त्रास कमी व्हायला काय करू?

डब्ल्यूएचओने २०२३ मध्ये स्पष्टच सांगितलंय की पूर्ण सुरक्षित असं दारूचं कुठलंच प्रमाण नाही, तेव्हा मी सुरक्षित रीत सांगतोय असं समजू नका, त्रास कमी होतो एवढंच. आधी नीट जेवा, पोळी-भाजी-डाळ, खारे शेंगदाणे म्हणजे जेवण नव्हे, त्याने तहान लागून अजून पितो माणूस. मापाने ओता, मधे मधे पाणी, तासाला एक स्मॉलपेक्षा जास्त नाही आणि झोपायच्या तीन-चार तास आधी थांबा. दुसऱ्यांचा ग्लास संपला म्हणून आपला भरून घ्यायचा नाही. बायकांच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी असतं म्हणून तेवढ्याच पेगने त्यांच्या रक्तात दारू जास्त चढते, यात नवऱ्याशी बरोबरी नको. गरोदर असाल तर एक घोटही नाही. आणि घबराट घालवायला म्हणून एकट्याने कधीच नाही.

हँगओव्हर समजून घरी बसू नये असं कधी?

माणूस हलवून उठत नाहीये, श्वास फार सावकाश चाललाय, ओठ निळसर, उलटीत रक्त, फिट आली, डोक्याला मार लागलाय, तर लगेच हॉस्पिटल, आणि नेईपर्यंत कुशीवर झोपवा म्हणजे उलटी घशात जाणार नाही. कुठली तरी अड्ड्यावरची, बिनलेबलची प्यायला असेल आणि दुसऱ्या दिवशी धुरकट दिसतंय, डोळ्यापुढे पांढरं पांढरं येतंय, तर मिथेनॉल असू शकतं, २०१५ मध्ये मालाड-मालवणीला याच विषाने शंभराहून जास्त लोक गेले. यात थांबून बघूया चालत नाही, डोळे जातात, जीव जातो.

मदत हवी असेल तर कुठे जाऊ, कोणाला कळायला नकोय.

टेली-मानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, नंबर १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. व्यसनासाठी १४४४६. सिव्हिलला मानसोपचाराची ओपीडी आहे, तिथे केसपेपर काढून रांगेत बसायला लागतं पण खर्च जवळपास नाही, आणि त्या रांगेत तुम्हाला ओळखणारा कोणी भेटलाच तर तो पण त्याच कामाला आलेला असतो. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या, म्हणजे दारू सोडणाऱ्यांनी एकमेकांना मदत करायच्या गटाच्या मिटिंगा आहेत, तिथे आडनाव विचारत नाहीत. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून हेच काम करतंय, नाशिकहून तिथे जाऊन बरे झालेले लोक आहेत.

सकाळी सातची शिफ्ट आहे, रात्री बारापर्यंत प्यायलो, गाडी चालवत जाऊ का?

वरचा क्वार्टरचा हिशोब परत लावा, सकाळी साडेसहाला पण अंगात दारू असू शकते. कायद्याने रक्तात १०० मिलीला ३० मिलिग्रॅमच्या वर असेल तर गुन्हा, पहिल्यांदा सापडलात तर १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि पोलिसाला "रात्रीची आहे हो साहेब" सांगून मशीनचा आकडा बदलत नाही. दारू उतरली असली तरी हँगओव्हरमध्ये लक्ष आणि हात दोन्ही मंद असतात. अंबड-सातपूरला प्रेसवर, लेथवर काम करणाऱ्यांनी तर अशा दिवशी सरळ सुपरवायझरला तब्येत बरी नाही सांगून सुट्टी टाकावी किंवा दुसऱ्याशी शिफ्ट बदलून घ्यावी. जायलाच लागणार असेल तर रिक्षा नाहीतर सिटीलिंकची बस, आणि मशीनवर उभं न राहता दुसरं काही काम मागून घ्या.